खिडक्या बदलायचा खर्च: कोटेशन मागवण्याआधी करायची तयारी

घरातल्या जुन्या खिडक्या बदलायच्या ठरल्या की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "स्क्वेअर फुटाला काय दर पडतो?" माझं म्हणणं, निदान सुरुवातीला तरी हा प्रश्न विचारू नका. एक जण एक आकडा सांगतो, दुसरा त्याहून कमी सांगतो, आणि दोघांच्या मनातली खिडकीच वेगवेगळी असते. एकाने साधी काच धरलेली असते, दुसऱ्याने टफन्ड, म्हणजे तापवून मजबूत केलेली. एकाच्या दरात जुनी चौकट काढणं आलं, दुसऱ्याच्या दरात नाही. काम सुरू झाल्यावर मग 'हे त्यात नव्हतं' सुरू होतं आणि स्वस्त वाटलेलं काम महागात पडतं. यावर उपाय म्हणजे आपल्या खिडक्यांचा कागद आपणच तयार करायचा आणि प्रत्येकाकडून त्याच कागदावर दर मागायचा. तो कागद कसा तयार करायचा, ते क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: बदलायची गरज आहे का ते तपासा

सगळ्यात मोठी बचत इथेच होते, म्हणून या पायरीला घाई करू नका.

कागदाची एक पट्टी घ्या. उघडणाऱ्या पल्ल्याच्या फटीत ती धरून पल्ला बंद करा, कडी लावा आणि पट्टी ओढून बघा. घट्ट बसली असेल तर सील चांगलं आहे. अलगद हातात आली तर तिथलं रबर, म्हणजे गॅस्केट, दबून गेलंय. असं चारही बाजूंनी हातभर अंतराने करत जा. पट्टी फक्त बिजागरीच्या विरुद्ध बाजूला सुटत असेल, तर बऱ्याचदा बिजागऱ्या किंवा लॉक थोडं सरकवून काम भागतं. सगळीकडे सुटत असेल तर नवीन गॅस्केट लागेल. दोन्ही कामं नव्या खिडकीच्या तुलनेत किरकोळ आहेत.

सरकती खिडकी जड झाली असेल तर आधी ट्रॅक साफ करा आणि पल्ला उचलून खालचे रोलर बघा. रोलर झिजतात आणि ते बदलता येतात. पाऊस आत येत असेल तर खालच्या ट्रॅकमधली पाणी बाहेर जायची भोकं बुजली आहेत का ते पाहा. ती बुजली की ट्रॅक भरतो आणि पाणी खोलीत उतरतं. दोष मग खिडकीवर ढकलला जातो.

दुहेरी काच असेल आणि दोन काचांच्या मध्ये, जिथे फडकं पोचत नाही तिथे, धुकं धरत असेल तर त्या काचजोडीचं सील फुटलंय. आतली ओल शोषणारी पावडर भरून गेलेली असते. पण चौकट आणि पल्ला धड असतील तर फक्त काचजोडी बदलता येते. पूर्ण खिडकी काढायची गरज नाही, आणि हे तुम्ही विचारल्याशिवाय फारसं कोणी सांगत नाही.

लाकडी चौकट असेल तर खालच्या दोन्ही कोपऱ्यांत स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. लाकूड कडक लागलं तर उत्तम. टोक मऊपणे आत गेलं तर तेवढा भाग कुजलाय. कुजलेला भाग छोटा असेल तर चांगला सुतार तो कापून नवा जोड देतो. दोन-तीन ठिकाणी टोक आत जात असेल, किंवा चौकट भिंतीपासून सुटली असेल, तर बदलणंच शहाणपणाचं. खूप जुन्या रंगाच्या थरांमध्ये शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासू नका, त्याची धूळ लहान मुलांना फार घातक असते.

एवढं झाल्यावर उरलेल्या प्रत्येक खिडकीपुढे एकच कारण लिहा: गळते, आवाज येतो, खोली तापते, थंडी शिरते, उघडत नाही, असुरक्षित वाटते. हे कारण पुढे पैसे कुठे घालायचे ते ठरवतं. आवाजासाठी पैसे काचेत आणि सीलमध्ये जातात, न उघडणाऱ्या खिडकीसाठी हार्डवेअरमध्ये. कारण न लिहिता दुकानात गेलात तर समोर मांडलेला नमुना जो दिसेल तोच घरी येतो.

दुसरी पायरी: मापं घ्या

मापं मिलिमीटरमध्ये घ्या. रुंदी तीन ठिकाणी मोजायची, वर, मधे आणि खाली. उंचीही तीन ठिकाणी, डावीकडे, मधे आणि उजवीकडे. दोन्हींत सगळ्यात लहान माप धरायचं. मग कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे आले तर उघडीप काटकोनात आहे. त्यांच्यात मोठा फरक असेल तर भिंत गुण्यात नाही, म्हणजे चौकटीभोवती फट कुठे जास्त तर कुठे कमी राहणार आणि ती भरायला प्लास्टरचं काम लागणार. हे आधी कळलं तर कोटेशनमध्ये येतं, नंतर कळलं तर वादात.

ही मापं फक्त दर मागण्यासाठी. प्रत्यक्ष बनवण्याची मापं बसवणाऱ्यानेच घ्यायला हवीत आणि त्या कागदावर त्याची सही हवी. टफन्ड काच तापवून झटकन थंड केलेली असते आणि त्यानंतर ती कापता येत नाही. यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, चौकटीचे कोपरे उष्णतेने वितळवून जोडलेले असतात, तेही पुन्हा छोटे करता येत नाहीत. माप दहा मिलिमीटरने चुकलं तर अख्खा नग वाया जातो, आणि तो कोणाच्या खिशातून भरायचा ते त्या सहीवर ठरतं.

खिडकी भिंतीला चिकटून बनवत नाहीत, चारही बाजूंना थोडी फट ठेवतात. तिचं कारण तापमान आहे. दोन मीटर लांबीचा यूपीव्हीसीचा तुकडा तापमान ३० अंशांनी वाढलं की ४ मिलिमीटरच्या आसपास वाढतो. ॲल्युमिनियमचा तेवढाच तुकडा दीड मिलिमीटरच्या आतबाहेर वाढतो. फट न ठेवता ठोकून बसवलेली चौकट उन्हात वाकते आणि पल्ले अडकायला लागतात.

आता दर स्क्वेअर फुटाने का फसवतो ते बघा. ६०० बाय ६०० मिलिमीटरच्या छोट्या खिडकीचा घेर २.४ मीटर आणि क्षेत्रफळ ०.३६ चौरस मीटर, म्हणजे दर चौरस मीटरमागे ६.७ मीटर चौकट. १२०० बाय १२०० च्या खिडकीत हेच प्रमाण ३.३ मीटर होतं. छोट्या खिडकीला क्षेत्रफळाच्या मानाने दुप्पट चौकट लागते आणि हँडल, लॉक, मजुरी तर नगावर असते. म्हणून बरेच जण छोट्या खिडक्यांना 'किमान एरिया' धरून बिल लावतात. त्यात गैर काही नाही, पण किमान एरिया किती ते आधी लिहून घ्या, आणि दर एकूण न मागता प्रत्येक खिडकीचा वेगळा मागा. एक जण चौरस फुटात आणि दुसरा चौरस मीटरमध्ये सांगत असेल तर १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट.

तिसरी पायरी: जुनी चौकट काढायची की ठेवायची

खर्चात सर्वांत मोठा फरक या निर्णयाने पडतो. जुनी चौकट जागेवर ठेवून तिच्या आत नवी बसवली तर फोडाफोड नाही, प्लास्टर नाही, रंग नाही. काम लवकर होतं आणि मजुरी वाचते. बदल्यात काच लहान होते. १२०० बाय १२०० च्या उघडीपीत एकपल्ली खिडकी घ्या, चौकट आणि पल्ला मिळून प्रत्येक बाजूला ८० मिलिमीटर जातात असं धरा. काच १०४० बाय १०४० ची मिळते. जुनी चौकट प्रत्येक बाजूला आणखी ५० मिलिमीटर खात असेल तर काच उरते ९४० बाय ९४०. उजेडाची जागा १८ टक्क्यांनी घटली! मोठ्या खिडकीला हे चालून जातं, छोट्या खोलीत डोळ्याला खुपतं.

शिवाय जुनी चौकट कुजलेली, गंजलेली किंवा भिंतीच्या बाजूने गळत असेल तर तिच्या आत कितीही चांगली खिडकी बसवा, पाणी येतच राहणार. तिथे पूर्ण काढणंच बरोबर. चौकट निघाली की खालचा कट्टा बाहेरच्या बाजूला उतार देऊन नीट करून घेता येतो. हा उतार नसल्यामुळे कितीतरी महाग खिडक्या गळतात.

उघडीप मोठी करायचा मोह झाला तर थांबा. खिडकीच्या वर लिंटल, म्हणजे वरच्या भिंतीचा भार पेलणारी आडवी तुळई, असतो आणि त्याची टोकं दोन्ही बाजूंच्या भिंतीवर टेकलेली असतात. रुंदी वाढवायची म्हणजे तो आधार काढायचा, आणि ते काम इंजिनिअरला विचारल्याशिवाय करायचं नसतं. त्याचा खर्च खिडकीच्या खर्चाहून जास्त होऊ शकतो. रुंदी तीच ठेवून खालची भिंत थोडी उतरवणं त्या मानाने सोपं असतं.

चौथी पायरी: चौकटीचा माल

ॲल्युमिनियमची चौकट बारीक असूनही मजबूत असते, म्हणून मोठ्या आणि सरकत्या खिडक्यांना तीच शोभते. तिचा दोष म्हणजे ती उष्णता फार सहज पार नेते. तो घालवायला आतल्या आणि बाहेरच्या भागाच्या मध्ये पॉलिअमाइड या प्लास्टिकची पट्टी घालतात. त्याला थर्मल ब्रेक म्हणतात आणि त्याचे पैसे जास्त पडतात. दिवसभर एसी किंवा हीटर चालणाऱ्या खोलीत ते देण्यासारखे आहेत. दारंखिडक्या सदा उघड्या ठेवून राहणाऱ्या घरात नाहीत.

यूपीव्हीसी उष्णता अडवतं, गंजत नाही, रंग लागत नाही. मात्र त्याची ताकद आतल्या गॅल्व्हनाइज्ड पोलादाच्या पट्टीत असते, आणि स्वस्त कोटेशनमध्ये हीच पट्टी पातळ होते किंवा छोट्या खिडक्यांतून गायब होते. बाहेरून काही कळत नाही. कोटेशनवर पट्टीची जाडी लिहून घ्या आणि माल आल्यावर चौकटीला चुंबक लावून बघा. गडद रंग उन्हात जास्त तापतो, जास्त फुगतो आणि महागही पडतो. ऊन थेट येत असेल तर मी पांढराच घेण्याचा सल्ला देईन.

लाकूड सुंदर दिसतं आणि दुरुस्तही होतं, पण ठरावीक वर्षांनी रंग किंवा पॉलिश करावंच लागतं. तो पुढचा खर्च आजच्या हिशेबात धरा. ज्याला ती देखभाल मनापासून आवडते त्यानेच लाकूड घ्यावं.

पाचवी पायरी: काच

काचेत उगाच जास्त पैसे जातात आणि गरज असते तिथे वाचवले जातात. आधी सुरक्षा. जमिनीपर्यंत येणारी काच, दाराशेजारची, न्हाणीघरातली आणि जिन्याजवळची काच टफन्ड किंवा लॅमिनेटेडच हवी. टफन्ड फुटली तर बोथट बारीक तुकडे होतात आणि गळून पडतात. लॅमिनेटेडमध्ये दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे ती फुटली तरी जागच्या जागी धरून राहते. उंचावरून खाली पडायचा धोका असेल किंवा चोरीची भीती असेल तिथे लॅमिनेटेड घ्या.

आवाजासाठीही लॅमिनेटेडचा चांगला उपयोग होतो. दुहेरी काच घेणार असाल तर दोन्ही काचा एकाच जाडीच्या घेऊ नका. एक ६ आणि एक ४ मिलिमीटरची असली की दोघी एकाच सुरात थरथरत नाहीत आणि आवाज जास्त अडतो. पण पल्ल्याभोवती फट राहिली तर या सगळ्याचा फायदा त्या फटीतून निघून जातो.

आता उष्णता. साध्या एकेरी काचेची यू-व्हॅल्यू ५.७ च्या आसपास असते, साध्या दुहेरी काचेची २.८ च्या आसपास, आणि लो-ई थर (उष्णता परतवणारा अतिशय पातळ लेप) असलेल्या व आर्गॉन वायू भरलेल्या चांगल्या काचजोडीची १.१ ते १.२ पर्यंत उतरते. हा आकडा आत आणि बाहेरच्या तापमानात १ अंशाचा फरक असताना १ चौरस मीटर काचेतून किती वॅट उष्णता जाते ते सांगतो. तो जितका लहान तितकं बरं.

थेट उन्हाची गोष्ट वेगळी आहे. ऊन काचेतून किती आत येतं ते सोलार हीट गेनचा आकडा सांगतो. साध्या पारदर्शक काचेतून उन्हाची बहुतेक उष्णता आत येते, आणि काच नुसती दुहेरी केल्याने ती फारशी थांबत नाही. खोली तापते हे तुमचं कारण असेल तर कोटेशनमध्ये हा आकडा मागा आणि कमी आकड्याची काच घ्या. थंड हवामानात उलट, आकडा जास्त असलेली काच उपयोगी, कारण उन्हाने घर फुकट तापतं. आणि खरं सांगायचं तर खिडकीच्या बाहेर छज्जा किंवा सावली करता येत असेल तर आधी ती करा. काचेच्या आत शिरण्याआधी अडवलेलं ऊन सर्वांत स्वस्तात अडतं.

सहावी पायरी: उघडण्याचा प्रकार आणि हार्डवेअर

न उघडणारी खिडकी सर्वांत स्वस्त. सरकती त्यानंतर, पण ती अर्धीच उघडते आणि तिच्या ब्रशच्या पट्टीतून हवा आणि आवाज थोडा शिरतोच. बाहेर किंवा आत उघडणारा पल्ला रबरावर दाबून बसतो, त्यामुळे सील घट्ट होतं. त्याचं हार्डवेअर महाग. वरून तिरकी आणि बाजूने पूर्ण अशा दोन्ही प्रकारे उघडणारी खिडकी सर्वांत महाग. मोठ्या खिडकीत मधला भाग बंद आणि फक्त बाजूचे पल्ले उघडते ठेवले तर बराच खर्च वाचतो. झोपायच्या प्रत्येक खोलीत मात्र आग लागली तर माणूस बाहेर पडू शकेल अशी एक तरी खिडकी असू द्या, आणि तिच्यावर जाळी किंवा ग्रिल असेल तर ते आतून किल्लीविना उघडणारं असावं.

हार्डवेअरवर कधीही काटकसर करू नका. काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीला आणि चौरस मीटरला २.५ किलो असतं. दीड चौरस मीटरच्या पल्ल्यात ६ अधिक ६ ची दुहेरी काच घातली तर नुसती काच ४५ किलो होते. एकेरी ५ मिलिमीटरच्या काचेला ती १९ किलोच्या आत असते. म्हणून काच बदलली की बिजागऱ्या आणि रोलर त्या वजनाचे आहेत ना, हे विचारायलाच हवं.

सातवी पायरी: कागद आणि कोटेशन

प्रत्येक खिडकीला नंबर द्या आणि एक ओळ लिहा. उदाहरणार्थ: "ख-३, मागची खोली, रुंदी १४७५, उंची १२०५, डावा भाग बंद, उजवा पल्ला बाहेर उघडणारा, यूपीव्हीसी पांढरा, काच ६-१२-४ टफन्ड लो-ई, जाळी हवी, जुनी लोखंडी चौकट पूर्ण काढायची, कारण आवाज." ६-१२-४ म्हणजे ६ मिलिमीटरची काच, १२ ची पोकळी आणि ४ ची काच. डावं-उजवं खोलीच्या आतून बघून लिहायचं आणि तसं कागदावर नमूद करायचं.

खाली वेगळ्या ओळी ठेवा, जेणेकरून प्रत्येकाला रकमेचा आकडा किंवा 'समाविष्ट' असं लिहावंच लागेल: जुनी खिडकी काढणं, मलबा उचलून नेणं, वाहतूक, उंचावर असेल तर परांची, बसवणं, फट भरणं आणि सिलिकॉन, प्लास्टर दुरुस्ती, रंग, कर. जुन्या ॲल्युमिनियमला आणि लोखंडाला भंगाराची किंमत येते. ती कोणाची, तेही लिहा. हमीच्या चार ओळी वेगळ्या: चौकट, काचजोडीचं सील, हार्डवेअर आणि बसवणी. 'दहा वर्षांची गॅरंटी' म्हणतात तेव्हा ती बहुधा चौकटीची असते, आणि बिघाड होतो बसवणीत किंवा हार्डवेअरमध्ये.

किमान तीन कोटेशनं घ्या. एखादं इतरांहून खूपच कमी आलं तर काय सुटलंय ते ओळीओळीने शोधा, ते सापडतं. बजेट कमी पडत असेल तर सगळीकडे हलका माल लावू नका. सर्वांत त्रास देणारी बाजू पूर्ण करा आणि बाकीची पुढे ढकला. मात्र एकेक खिडकी सुटी करू नका, कारण मोजणी, वाहतूक आणि परांचीचा खर्च दरवेळी नव्याने पडतो. इमारत सामायिक असेल तर बाहेरून दिसणाऱ्या बदलाला परवानगी लागते का ते ऑर्डर देण्याआधीच विचारा.

विजेच्या बचतीतून खर्च वसूल होईल असं कोणी सांगितलं तर स्वतः हिशेब करा. समजा १० चौरस मीटर काच आहे, एकेरीची साधी दुहेरी करताय आणि आत-बाहेर १५ अंशांचा फरक आहे. ५.७ वजा २.८ म्हणजे २.९, गुणिले १०, गुणिले १५, म्हणजे ४३५ वॅट. दिवसाला आठ तास धरले तर साडेतीन युनिट उष्णता. विजेच्या हीटरने खोली तापवत असाल तर तेवढेच युनिट वाचतात. एसी मात्र एका युनिटात साधारण तीन युनिट उष्णता बाहेर टाकतो, म्हणून तिथे बचत सव्वा युनिटच्या आत. आपल्या विजेच्या दराने आणि असे दिवस वर्षात किती त्याने गुणा आणि दोन कोटेशनांमधल्या फरकाला त्याने भागा. उत्तर बऱ्याचदा अनेक वर्षं असं येतं. तरीही दुहेरी काच घ्यावी, पण शांततेसाठी आणि आरामासाठी, हे मनाशी स्पष्ट ठेवून.

आठवी पायरी: बसवण्याचा दिवस आणि शेवटचं बिल

कोरडं हवामान निवडा आणि घराचा रंग खिडक्यांच्या नंतर ठेवा. माल आल्यावर कागदाशी ताडून बघा: काचेची जाडी, टफन्डचा शिक्का, लो-ई थर कोणत्या बाजूला, ट्रॅकमधली पाणी जायची भोकं. चौकट जुळवताना ओळंबा आणि लेव्हल लावली जातेय का ते उभं राहून पाहा. स्क्रू मारल्यावर आणि भोवतालच्या फटीत फोम भरण्याआधी पल्ला उघडून अर्धा सोडा; तो आपोआप पुढे-मागे सरकला तर चौकट ओळंब्यात नाही. हे त्याच क्षणी दुरुस्त होतं, फोम सुकल्यावर होत नाही. विटा-प्लास्टरला लागणारं सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचं हवं. व्हिनेगरसारखा वास येणारं काच-टाइलसाठी ठीक, भिंतीवर टिकत नाही. साध्या सिलिकॉनवर रंग धरत नाही, म्हणून रंग हवा असेल तिथे रंग धरणारा सीलंट सांगा.

सगळे पैसे आगाऊ देऊ नका. ॲडव्हान्स, माल आल्यावर एक हप्ता, आणि किमान दहावा हिस्सा शेवटपर्यंत आपल्याकडे. सिलिकॉन पूर्ण वाळल्यावर नळीने बाहेरून पाणी मारा, आधी खालच्या जोडावर, मग बाजूंनी, शेवटी वर. असं केलं की गळती नेमकी कुठून होते ते कळतं. कागदाची पट्टी पुन्हा चारही बाजूंनी ओढून बघा. सगळं ठीक असेल तर हमीच्या चार ओळींवर सही घ्या, चौकटीच्या मालाचं आणि हार्डवेअरचं नाव-नंबर लिहून घ्या, उरलेल्या गॅस्केटचा एखादा तुकडा मागून घ्या आणि मग शेवटचा हप्ता द्या.